देव्हाऱ्यातला बर्फ

१

फोर्ट हॅलर गावात रविकांत सबनीसांचं घर आतून गोठलं, आणि त्याचं खापर तळघरात भाड्याने राहणाऱ्या पोरीच्या डोक्यावर फुटलं.

घराची अवस्था बघण्यासारखी होती. घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला, बाहेर उणे अडतीस, वरच्या मजल्यावरच्या वॉशरूमच्या भिंतीतला पाइप फुटला आणि पाणी छतातून खाली कोसळता कोसळता गोठत गेलं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर बर्फाचा थर. सोफा बर्फात, टीव्हीच्या खाली बर्फाचे लोंबते सुळे. नुकसान बघायला विमा कंपनीने एडमंटनहून जी बाई पाठवली, तिचं नाव विजयालक्ष्मी बोकारे. मूळची नागपूरची, लोकांचे क्लेम खरे की खोटे हे तपासण्यात केस पांढरे झालेले, आणि त्या कामापायी माणसांबद्दलचं मत अगदी तळाला गेलेलं.

गावाबद्दलचं मत तर वेशीवरच तयार झालं होतं. वेशीवर स्वागताचा फलक आहे, त्यावर लोकसंख्येचा आकडा. तो पहिल्या तेजीत रंगवलेला. तेव्हा म्हणे लोक कपड्यांच्या कपाटात गादी टाकून झोपायचे आणि त्याचंही भाडं आनंदाने भरायचे. मग मंदी आली आणि गूळ संपल्यावर मुंग्या जातात तसे सगळे गेले. आता पुन्हा तेजी आहे. जमिनीतून कधी नव्हे इतकं तेल निघतंय. पण खाणीतले ट्रक आता ड्रायव्हरशिवाय चालतात, आणि उरलेले कामगार विमानाने थेट कॅम्पवर उतरतात, पाळी संपली की विमानानेच घरी जातात. गावाच्या वाट्याला येतो तो वास. तेल वाढतंय आणि गाव आटतंय. फलकावरच्या आकड्याला मात्र कोणी हात लावत नाही. विजयालक्ष्मीने गाडीतूनच त्या आकड्याकडे बघून नाक मुरडलं होतं.

"मॅडम, हे ॲक्सिडेंट नाहीये," दारातच रविकांत म्हणाले. "हे केलंय. आणि कोणी केलंय ते मी तुम्हाला सांगतो."

२

रविकांत सबनीस म्हणजे या गावातलं मोठं प्रस्थ. व्यवसाय घरं विकण्याचा. महाराष्ट्र मंडळाचे तहहयात अध्यक्ष, कारण दुसरं कोणी उरलेलंच नाही. त्यातून गावाच्या शिफारस-समितीवर. गावात माणसं टिकावीत म्हणून सरकारने सोय केली आहे, की इथे नोकरी करून इथेच राहू इच्छिणाऱ्याला गावाने शिफारस दिली तर त्याचा पीआरचा, म्हणजे देशात कायम राहण्याच्या परवान्याचा, रस्ता सोपा होतो. ती शिफारस द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या चार शहाण्यांपैकी हे एक.

"शुक्रवारी आम्ही दोघं एडमंटनला लग्नाला गेलो," ते सांगू लागले. पफर जॅकेटमधून त्यांचं पोट आधी बोलत होतं आणि तोंड मागून. "खाली श्रावणी राहते. श्रावणी बिराजदार, लातूरची. फर्नेस तिच्या खोलीला लागून आहे. तिने मला दोनदा मेसेज केला होता, काका, फर्नेसच्या आवाजाने झोप होत नाही. मी इग्नोर केलं. आम्ही गेल्यावर तिने सरळ स्विच ऑफ केला. रविवारी तिचा फोन आला, वरून पाणी गळतंय. सोमवारी मी येऊन बघतो तर स्विच ऑफ!"

"तुमच्या मिसेस कुठे आहेत?"

"अरुणाला शॉक बसलाय. ती एडमंटनलाच मैत्रिणीकडे आहे."

विजयालक्ष्मी घरभर फिरली. स्वयंपाकघरात बरण्या ओळीने, कपाटात कपडे, दारामागे काठी आणि रेनकोट. सगळं जागच्या जागी. जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला ठोकलेली सागवानी फळी होती, खाली जमिनीवर समई आणि मागे कोरलेली प्रभावळ. हाच देव्हारा. बरोबर वरच्या छताला भगदाड पडलं होतं. फळीवर बोटभर जाड बर्फ होता, स्वच्छ आणि सपाट, आणि त्याच्याखालून लाकडावरचे हळदीकुंकवाचे जुने गोल डाग दिसत होते.

"देव कुठे आहेत?" तिने विचारलं.

रविकांतांनी लगेच हात जोडले. "काय सांगू मॅडम. सोमवारी दार उघडलं आणि आधी इकडे धावलो. पाण्यात उभे होते हो माझे देव! बाकी सगळं जाऊ दे म्हटलं. उपरण्यात गुंडाळून तसेच बाहेर काढले. डोळ्यांत पाणी आलं."

"साहजिक आहे," विजयालक्ष्मी म्हणाली. डोळ्यांत पाणी आणणारे क्लेमवाले तिने पुष्कळ पाहिले होते.

"गुरुवारी समितीची मीटिंग आहे," रविकांत जाता जाता म्हणाले. "त्या पोरीचं नाव यादीत आहे. मी समितीच्या लिंडाला पत्र लिहिलंय. असल्या मुलीची शिफारस हे गाव करणार नाही. तिला परत लातूरला जावं लागेल, पण त्याला माझा नाइलाज आहे."

गुरुवार परवावर होता.

३

श्रावणी तळघरातल्या खोलीत जॅकेट आणि टोपी घालून पलंगावर बसली होती. खोलीत एक छोटा इलेक्ट्रिक हीटर, भिंतीला टेकवलेली मोठी बॅग, बाकी काही नाही. बॅग उघडीच होती. वरच ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, त्यातून पितळेची छोटी घंटा आणि बाळकृष्णाचा गुडघा डोकावत होता. तिचे डोळे रडून सुजलेले, पण आवाज धड होता.

"मी स्विचला हातसुद्धा लावला नाही, काकू. आवाज होतो म्हणून मेसेज केला होता, ते खरंय. पण उणे अडतीसमध्ये फर्नेस कोण बंद करतं? मी काय येडी आहे का? मी पण इथंच झोपते ना."

"थंडी वाजून नव्हती राहिली तुला?"

"बेसमेंट कायमच गार असतंय. मी हीटर लावून झोपते. शनिवारी हॉटेलच्या किचनमध्ये डबल शिफ्ट होती. रविवारी दुपारी आले तर वरून धार. मीच पाण्याचा मेन वॉल्व्ह बंद केला आणि काकांना कॉल केला. नसता केला तर हे घर अख्खं तळं झालं असतं. आणि आता तेच म्हणतात, तूच केलंस."

चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात हे विजयालक्ष्मीला शिकवायची गरज नव्हती. पण चोर कोण हे अजून तिला ठाऊक नव्हतं, आणि रडणाऱ्या पोरीही खोटं बोलतात.

"मला एक सांग," ती म्हणाली. "या घराच्या हवेचे डक्ट वरखाली एकच आहेत. वर फोडणी टाकली की खाली वास येत असेल."

"येतो की! कपड्यांना पण येतो."

"शेवटचा कधी आला?"

श्रावणीने बोटांवर आठवडे मोजले. मग हळूच म्हणाली, "संक्रांतीला. तीळ भाजल्याचा. अरुणाकाकूंनी गुळाची पोळी दिली होती खाली. त्यानंतर..." ती आठवू लागली. "त्यानंतर नाही आला. मला वाटलं, त्या डाएट करून राहिल्यात."

"तुमच्यात लातूरला 'करून राहिल्यात' म्हणतात?"

"नाही. तुमचं ऐकून आलं," श्रावणी म्हणाली आणि जरा ओशाळली.

"आणि आवाज? पावलं?"

"टीव्हीचा यायचा. रोज संध्याकाळी लागायचा, इंग्लिश बातम्या. पण अरुणाकाकू तर मराठी सिरियल लावायच्या पूर्वी." पोरीचा चेहरा उतरला. "काकू, वर कोणी राहतच नव्हतं का?"

विजयालक्ष्मी मनात हिशोब करू लागली. संक्रांतीपासून आता महाशिवरात्र येईपर्यंत घर ओस ठेवलं असेल तर विमा कंपनी एक पैसाही देणार नव्हती. रिकाम्या घराची रोज कोणीतरी येऊन पाहणी करायला हवी, नाहीतर संरक्षण संपलं, असा साधा नियम आहे. पण वास आला नाही हा काही पुरावा होत नाही. आणि स्विच तर बंद सापडला होता.

४

समोरच्या घरात पृथ्वीराज मोहिते राहत होता. साताऱ्याचा, खाणीत इंजिनिअर होता, ड्रायव्हरशिवायचे ट्रक आले तेव्हा त्याच्या हातात नारळ पडला. भर तेजीत त्याने हे घर रविकांतांकडूनच घेतलं होतं, त्यामुळे दोघांमधून विस्तव जात नव्हता. रविकांतांनी जाता जाता सुचवलंही होतं की त्याच्याकडे आपल्या घराची जादा किल्ली आहे.

"किल्ली आहे की! झाडांना पाणी घालायला दिलेली, तीन वर्षांमागं. ती काय मी फर्नेस बंद करायला वापरीन व्हय?" पृथ्वीराज गॅरेजच्या दारात उभा राहून छाती काढून म्हणाला. "आपल्याला काय करायचंय लोकांच्या घराशी. आपण इथंच जगणार, इथंच मरणार. साताऱ्याची माणसं हायेत, ताई. लोक विंटर टायर विंटर टायर करतात, मी दहा वर्षं ऑल-सीझनवर बर्फ तुडवलाय."

विजयालक्ष्मी त्याच्या गाडीकडे बघत होती. चारही टायर कोरे, त्यांच्यावर हिवाळी टायरची, डोंगर आणि हिमकणाची खूण. रबराचे केससुद्धा अजून झिजले नव्हते.

"व्हँकुव्हरला कधी निघालात?" तिने विचारलं.

पृथ्वीराजची छाती आत गेली. "कोण म्हणालं?"

"तुमचे टायर म्हणून राहिले. इथे कायद्याने लागत नाहीत म्हणून दहा वर्षं घेतले नाहीत. व्हँकुव्हरकडे जाताना डोंगरातल्या रस्त्यांवर मात्र पोलीस विचारतात. सेल सुरू होईपर्यंत थांबलाही नाहीत तुम्ही."

त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि तिला गॅरेजच्या आत घेतलं. मग तो मराठी माणूस गुपित सांगताना बोलतो तसा बोलू लागला, म्हणजे आधीपेक्षा मोठ्यानं. हो, तो जात होता. मार्चमध्ये. सबनीसांखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं, कारण माणूस जाणार हे कळलं की त्याच्या घराची किंमत दुसऱ्या दिवशी पडते. इथे सगळे असंच करतात. हसतात, गणपतीला वर्गणी देतात, 'इथंच राहणार' म्हणतात आणि मागच्या दारानं सामान भरतात.

"आणि सबनीस?"

"ते गेलेत," पृथ्वीराज म्हणाला. "संक्रांत झाली आणि गेले. मी गाडी भरताना बघितलंय. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मिसिसागाला लेकीकडं. दिव्यांना आणि टीव्हीला टायमर लावून गेलेत. अध्यक्षच पळाला म्हटल्यावर इथलं घर कोण घेणार?"

"हे लिंडासमोर सांगाल?"

"छे! छे!" त्याने दोन्ही हात वर केले. "माझं घर तोच विकतोय, ताई, गावात दुसरा एजंट उरलाय कुठं. गिऱ्हाईक लागलंय. आता तोंड उघडलं की डील गेलं. तुम्ही मला विचारलंच नाही असं समजा."

"त्या पोरीला गावाबाहेर काढतील."

"वाईट वाटतं," पृथ्वीराज म्हणाला. त्याला खरंच वाटत असावं. पण ते वाटणं गॅरेजच्या बाहेर यायला तयार नव्हतं.

विजयालक्ष्मी रस्त्यावर आली तेव्हा तिला थंडीपेक्षा त्या माणसाची जास्त चीड आली होती. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचं हे गाव. समोर सबनीसांच्या ड्राइव्हवेमध्ये एक ट्रक उभा होता आणि दोन माणसं त्यातून मोठाले प्रोपेन हीटर उतरवत होती.

"क्लीनअपवाले," रविकांत दारातून ओरडून म्हणाले. "आज तुम्ही बघितलंत ना? मग आता मेल्ट करतो सगळं. लिंडा येतेच आहे, तिला एकदा डॅमेज दाखवतो आणि लगेच सुरू."

विजयालक्ष्मीचा साक्षीदार पळाला होता, आणि पुरावा वितळायच्या बेतात होता.

५

लिंडा मॅकब्राइड ही समितीची अध्यक्ष. गावाची भरभराट करण्याचं तिचं पद होतं आणि गेल्या पाच वर्षांत गाव निम्मं झालं होतं, पण तिच्या कोटावर 'वाढता हॅलर' असा बिल्ला होता. ती जेवणाच्या खोलीत आली आणि "ओ माय गॉड" म्हणून थांबली. रविकांतांनी श्रावणीलाही वर बोलावलं होतं, तिच्या तोंडावर सगळं सांगायला. गलका ऐकून पृथ्वीराजही दारात येऊन उभा राहिला. लोकांच्या घराशी आपल्याला काय करायचंय म्हणणारी माणसं अशा वेळी पहिली येतात.

"हीटर पाच मिनिटं लावू नका," विजयालक्ष्मीने कामगारांना सांगितलं. मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलू लागली. "आधी फर्नेस. घराच्या बाहेर बाजूच्या भिंतीतून त्याचा प्लास्टिकचा पाइप निघतो, वाफ सोडायला. मी आत्ता बघून आले. तो तोंडापर्यंत बर्फाने बुजलाय. सबनीस, फर्नेस बंद असेल तर त्या पाइपातून वाफ येईल का?"

"मला टेक्निकल काय..."

"येणार नाही. आणि वाफ नाही तर बर्फ नाही. फर्नेस चालू होता, म्हणूनच ती वाफ थंडीत गोठत गोठत पाइप बुजला आणि मग फर्नेस गुदमरून थांबला. या गावातलं शेंबडं पोरही हिवाळ्यात त्या पाइपावर चार टोले मारतं. वरच्या घरात माणूस असता तर तासाभरात गारठला असता आणि पाइप बघायला बाहेर गेला असता. स्विचचा यात काही संबंध नाही. स्विच नंतर कोणीतरी बंद केला. सोमवारी या घरात कोण आलं?"

लिंडा रविकांतांकडे बघू लागली.

"बरं, पाइप बुजला असेल," रविकांत म्हणाले. त्यांनी पवित्रा बदलायला वेळ लावला नाही, तो त्यांचा धंदाच होता. "मग मिसअंडरस्टँडिंग झालं. पण आम्ही दोनच दिवस नव्हतो. शुक्रवारी सकाळी मी स्वतः इथे पूजा केली. पृथ्वीराज, सांग ना, गेल्या गुरुवारी आपण भेटलो की नाही?"

उंदराला मांजर साक्ष. पृथ्वीराजने आपल्या बुटांकडे पाहिलं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

"त्याला सोडा," विजयालक्ष्मी म्हणाली. "देवांना विचारू." ती देव्हाऱ्यापाशी गेली. "लिंडा, ही आमची देवांची जागा. इथे पितळेच्या मूर्ती असतात. हे खालचे गोल डाग दिसतात ना, त्या त्यांच्या बैठका. सबनीस मला म्हणाले, सोमवारी आलो तेव्हा देव पाण्यात उभे होते, मी ते उचलले. पाणी रविवारी दुपारी बंद झालं. सोमवारपर्यंत इथे दगड झाला होता. मूर्ती उभ्या असत्या तर पाणी त्यांच्याभोवती गोठलं असतं. त्या काढायला बर्फ फोडावा लागला असता, आणि जिथे त्या होत्या तिथे खड्डे राहिले असते."

तिने हातमोजा काढला आणि बर्फावरून बोट फिरवलं. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही अडलं नाही.

"पाणी पडलं तेव्हा इथे देव नव्हते. दोन दिवसांच्या लग्नाला कोणी देव्हाऱ्यातले सगळे देव घेऊन जातं का, पृथ्वीराज?"

"नाही," पृथ्वीराजच्या तोंडून निघून गेलं.

"शेजाऱ्यांकडे ठेवले होते!" रविकांत म्हणाले.

"मग पाण्यात उभे होते ते कोण?" तिने मराठीत विचारलं. "फोन लावा अरुणाताईंना. स्पीकरवर. एवढंच विचारा, आज देवांना नैवेद्य काय दाखवला आणि कुठे. मी एक शब्द बोलत नाही."

रविकांतांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. हीटरवाल्याने चघळायचं थांबवलं.

"मी तिला म्हटलं होतं," शेवटी रविकांत म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पोटातून आला नाही. "सगळं आहे तसं राहू दे. टीव्ही ठेवला, भांडी ठेवली, तिच्या साड्या ठेवल्या. देवही राहू देत म्हटलं, कोणी आलं तर बरं दिसतं. ऐकलं नाही. म्हणाली, माणूस नाही त्या घरात देव ठेवत नाहीत. मांडीवर घेऊन बसली मिसिसागापर्यंत."

घर ओस, क्लेम खोटा, आणि वर एका पोरीवर आळ. विजयालक्ष्मीला वाटलं, या सगळ्या घरात एकच माणूस खरं वागलं आणि ते देव मांडीवर घेऊन बसलं होतं.

लिंडाला मात्र दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला होता. "म्हणजे तुम्ही इथे राहत नाही?" ती रविकांतांना म्हणाली. "म्हणजे दोन कमी?" मग तिने दारातल्या पृथ्वीराजकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली, आणि बहुतेक तिने मनातल्या मनात तीन केले. हिला कोणी फसवलं याचं दुःख नव्हतं, फलक पुसावा लागेल याचं होतं.

ती घाईघाईने श्रावणीकडे वळली आणि तिचे दोन्ही हात धरले. "ते पत्र मी फाडते. स्वीटी, तू तरी राहणार आहेस ना? इथे? कायमची?"

"हो," श्रावणी म्हणाली. डोळ्यांत डोळे घालून, एक क्षणही न थांबता. "फॉरएव्हर. आय लव्ह फोर्ट हॅलर."

लिंडाने तिला मिठी मारली.

६

तळघरात आता राहता येणार नव्हतं. हॉटेलातल्या एका मैत्रिणीने श्रावणीला वेशीपलीकडे खोली देऊ केली होती, आणि विजयालक्ष्मीने तिला तिथवर सोडायचं कबूल केलं. बॅग डिकीत ठेवताना ओढणीचं गाठोडं सरकलं आणि घंटा किणकिणली. विजयालक्ष्मीने ते सरळ करून ठेवलं.

"किती दिवस झाले तुला या गावात?"

"दीड वर्ष."

"आणि देव अजून बॅगेत?"

श्रावणीचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीने झाले असंही म्हणता आलं असतं. ही पण त्यातलीच. पीआर हातात पडला की हिचीही गाडी भरणार, ब्रॅम्पटनला नाहीतर आणखी कुठे. विजयालक्ष्मीच्या ओठांवर ते नेहमीचं वाकडं हसू आलं. दिवसभर सगळ्यांसाठी वापरलेलं, अजून संपलेलं नव्हतं.

"लिंडाला सांगाल?" पोरीने विचारलं.

"मी पाइप आणि बर्फ बघते. लोकांच्या बॅगा बघत नाही."

गाडी सुरू झाली. वेशीवरचा फलक समोरून आला, त्यावरचा आकडा संध्याकाळच्या उजेडात चांगलाच ठळक दिसत होता. श्रावणी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग मान वळवून तिने विचारलं.

"काकू, तुम्हाला इथे किती वर्षं झाली? कॅनडात."

"एकोणतीस."

"मग तुमचे देव एडमंटनला असतील."

विजयालक्ष्मीने वायपर लावले. काच कोरडी होती, ते उगाच करकरत दोनदा फिरले.

"नागपूरला आहेत," ती म्हणाली. "वहिनीकडे."

तिचं ते वाकडं हसू आता कुठे ठेवावं हे तिचं तिलाच कळेना. श्रावणीने पुढे काही विचारलं नाही, आणि विजयालक्ष्मीला त्या पोरीचा आज पहिल्यांदाच राग आला.